बंड नेमकं कशाविरुद्ध?

एकनाथ शिंदे ज्यांना गुरू मानतात त्या ठाण्याच्या शिवसेना नेत्याच्या, आनंद दिघ्यांच्या, आयुष्यावरचा ‘धर्मवीर’ हा चित्रपट १३ मे २०२२ ला लागला. २० जूनच्या रात्री शिवसेनेचे आमदार सुरतेच्या वाटेला लागले आणि ३० जूनला एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले. चित्रपटाचा दुसरा भाग आला सप्टेंबर २०२४ मध्ये, विधानसभेचं मतदान दोन महिन्यांवर असताना. त्याआधी जानेवारी २०१९ मध्ये, लोकसभेच्या तोंडावर, बाळासाहेबांवरचा ‘ठाकरे’ येऊन गेला होता. त्यामागे संजय राऊत होते. पुढे एका पक्षाच्या दोन वाटण्या झाल्या, तेव्हा दोन्ही वाटेकऱ्यांच्या हाती वारसाहक्काचा दाखला म्हणून एकेक सिनेमा तयार होता.

नेत्यांवर सिनेमे काढू नयेत असं माझं म्हणणं नाही. काढावेत, हवं तर निवडणुकीच्या तोंडावरही काढावेत. तमिळनाडूचं राजकारण कित्येक वर्षं त्यावरच चाललं. माझी तक्रार निराळी आहे. २०२२ च्या उलथापालथीला सगळे ‘बंड’ म्हणत होते आणि खुद्द करणारे ‘उठाव’ म्हणा असा आग्रह धरत होते. नाव काहीही द्या, महाराष्ट्राच्या उजव्या राजकारणातली ही सगळ्यात मोठी फूट. ती कशावरून पडली? सांगितलेलं कारण हिंदुत्वाचं होतं: काँग्रेस आणि राष्ट्रवादीच्या मांडीला मांडी लावून पक्षाने हिंदुत्व सोडलं. ठीक आहे. पण जो पक्ष १९ जून १९६६ ला मराठी माणसाच्या नोकरीच्या प्रश्नावर जन्माला आला, त्या पक्षातल्या भांडणात मराठीचा प्रश्न जवळपास नव्हताच. बंड करणाऱ्यांनी तो काढला नाही. ज्यांच्याविरुद्ध बंड झालं त्यांनीही त्या वेळी खंजीर, गद्दारी आणि खोके यांच्यापलीकडे फारसं काही काढलं नाही.

मी स्वतः परंपरा मानणारा माणूस आहे. देव, घर, भाषा, गावची जत्रा या गोष्टी जपाव्यात, मोडून नव्या करायला जाऊ नये, असं ज्यांना वाटतं त्यांच्यातला. त्यामुळे हा लेख डाव्यांशी भांडण्यासाठी नाही. घरातल्या घरातलं भांडण आहे. माझं म्हणणं असं की महाराष्ट्रातल्या उजव्या विचारात मतभेद उरलेत, पण ते एकाच दिशेचे: सरकार पुरेसं कडक नाही, या दिशेचे. ‘तुम्ही आमच्या बोलीचं, जमिनीचं, पडद्याचं काय जपलंत?’ हा प्रश्न उजवीकडून उजव्यांना कोणी विचारत नाही. म्हणून तर प्रादेशिक अस्मिता म्हणजे फेटे, भगवे झेंडे आणि तुताऱ्या एवढंच शिल्लक राहिलंय. (तुतारीही आता एका पक्षाने चिन्हात नेली, तो भाग वेगळा.)

पूर्वी हे असं नव्हतं. सावरकरांनी गाय हा उपयुक्त पशू आहे असं लिहिलं तेव्हा दुखावले ते त्यांचे विरोधक नव्हेत, त्यांना मानणारेच लोक. मराठीत परके शब्द शिरू नयेत म्हणून भाषाशुद्धीची मोहीम चालवणारे तेच सावरकर संस्कृतनिष्ठ हिंदीला राष्ट्रभाषा करा म्हणत. प्रदेश आणि राष्ट्र यांची ओढाताण त्या एका माणसातही मिटलेली नव्हती. संघाचे सरसंघचालक गोळवलकर गुरुजी भाषावार प्रांतरचनेच्या विरोधात, देशभर एकच एक शासन असावं या मताचे. पण १९५७ च्या निवडणुकीत महाराष्ट्रातला जनसंघ, म्हणजे भाजपचा पूर्वावतार, मराठी भाषकांचं राज्य मागणाऱ्या संयुक्त महाराष्ट्र समितीबरोबर लढला आणि रामभाऊ म्हाळगी मावळातून निवडून आले. संघाचं नागपूर एक सांगत होतं, मावळातला मतदार दुसरं. पक्षाने मतदाराचं ऐकलं. त्याला कोणी बंड म्हटलं नाही, चित्रपट तर नाहीच काढला, पण माझ्या लेखी बंड ते होतं.

शरद जोशींचं उदाहरण आणखी टोकाचं. शेतमालाच्या खुल्या बाजारासाठी आयुष्य घालवलेला हा माणूस भाजपच्या आघाडीच्या पाठिंब्याने राज्यसभेत गेला. मार्च २०१० मध्ये तिथे महिला आरक्षणाचं विधेयक १८६ विरुद्ध १ असं मंजूर झालं. तो एक म्हणजे जोशी. त्यांचं त्या दिवशीचं मत मला पटत नाही, पण सोबत्यांनी भरलेल्या सभागृहात एकट्याने विरुद्ध हात वर करायला जे लागतं ते त्यांच्यात होतं. संघाच्या शाखेतून आलेले आणि पुढे अर्थशास्त्राचे प्राध्यापक झालेले स. ह. देशपांडे हिंदुत्वविचाराची चिकित्सा करत राहिले, तीही आतल्या माणसाच्या आस्थेने. ही माणसं कोणत्याच गोटाला सोयीची नव्हती.

आजचा नाराज उजवा भाष्यकार फोनच्या पडद्यावर भेटतो. यातले काही मुरलेले पत्रकार आहेत. वर्तमानपत्रांनी आपल्याला जागा दिली नाही, म्हणून स्वतःची वाहिनी काढावी लागली, असं ते सांगतात आणि त्यात तथ्य आहे. मराठी वर्तमानपत्रांची संपादकीय पानं बराच काळ एकाच मुशीतून निघत होती. त्यांची मराठी बहुतेकदा चांगली असते, इतिहासाचे दाखले तोंडपाठ असतात, ऐकणाऱ्याला धरून ठेवायची हातोटी असते. मी ऐकतो. पण महिनाभर सलग ऐकलं की साचा कळतो. सरकारवर टीका होते ती ‘अजून का नाही केलं’ या चालीवर. अमुक थडगं अजून जागेवर का, तमुक प्राध्यापक अजून नोकरीत का, अमक्या सिनेमावर अजून बंदी का नाही. मुंबईत मराठी शाळेचा वर्ग बंद पडला तर तो विषय पालकांच्या निवडीचा होतो. तालुक्याच्या गावातलं थिएटर पाडून तिथे दुकानांचा गाळा उभा राहिला तर तो विकास होतो. म्हणजे बंडखोरी आहे, पण ती सत्तेला आणखी पुढे ढकलणारी. तिला थांबवून हिशेब विचारणारी नव्हे.

इथे मला चित्रपट दिग्दर्शक भालजी पेंढारकर आठवतात, आणि फक्त शिवपटांमुळे नाही.

भालजी पक्के हिंदुत्वनिष्ठ. ते त्यांनी कधी लपवलं नाही. १९२६ मध्ये त्यांनी इंग्रजी शिक्षणपद्धतीवर टीका करणारा ‘वंदे मातरम् आश्रम’ हा मूकपट काढला आणि तो सेन्सॉरच्या कात्रीत सापडला. म्हणजे मराठी सिनेमातला उजवा माणूस सुरुवातीला सेन्सॉरचा बळी म्हणून भेटतो, हे आजच्या बंदीवाद्यांनी ध्यानात ठेवण्यासारखं आहे. पुढे कोल्हापुरात त्यांचा जयप्रभा स्टुडिओ उभा राहिला. गांधीहत्येनंतर १९४८ च्या जाळपोळीत तो जळाला. ‘मीठभाकर’ची फिल्म त्या आगीत गेली, भालजींनी तो चित्रपट पुन्हा उभा केला.

यावरून आजच्या एखाद्या निर्मात्याने केवढा सूडपट रचला असता! स्टुडिओ जाळणारे परके नव्हते, आपल्याच शहरातले होते. भालजी कोल्हापूर सोडून गेले नाहीत. त्याच गावात राहून त्यांनी त्याच गावच्या माणसांचे सिनेमे काढले. १९६५ चा ‘साधी माणसं’ पाहा. लोहारकाम करणारं जोडपं, कष्टाची चटणीभाकर, मुंबईची भूल आणि तिथे होणारी फरफट. संगीत आनंदघन या नावाने लता मंगेशकरांचं. त्यात हिंदुत्वाचं एक वाक्य नाही. तरीही तो चित्रपट पहिल्या चौकटीपासून शेवटपर्यंत उजवा आहे: घर, कसब, मीपणाशिवायचा संसार, गावाची लाज आणि शहराचं बाटवणं या सगळ्यांबद्दल त्याला ठाम मत आहे. ते मत तो भाषणातून सांगत नाही, भात्याच्या फुंकरीतून आणि ऐरणीवरच्या घणातून सांगतो. डाव्या प्रेक्षकालाही त्या जोडप्याबद्दल माया वाटते, आणि मग त्याला त्या मताशी झटापट करावी लागते. कलेतून विचार पोचतो तो असा.

१९६९ मध्ये ‘तांबडी माती’त भालजींनी दादा कोंडक्यांना पडद्यावर आणलं. दादा सेवादलाच्या कलापथकातून आलेले, म्हणजे समाजवाद्यांच्या तालमीतले. हिंदुत्वनिष्ठ दिग्दर्शकाने सेवादलाच्या सोंगाड्याला पहिली संधी दिली आणि कोणाचाही धर्म बुडाला नाही. दोनच वर्षांनी, १९७१ मध्ये, दादांचा ‘सोंगाड्या’ दादरच्या कोहिनूर थिएटरमधून एका हिंदी चित्रपटासाठी खाली येणार अशी वेळ आली. दादा बाळासाहेब ठाकऱ्यांकडे गेले, शिवसैनिक थिएटरवर धडकले, आणि ‘सोंगाड्या’ राहिला. पुढे तो तुफान चालला.

त्या प्रसंगाची पूजा बांधायची गरज नाही. मालकाला दमदाटी करून मिळवलेला शो हा धोरणाचा नमुना होऊ शकत नाही, आणि त्याच काळात त्याच सेनेने दाक्षिणात्यांच्या हॉटेलांवर जे केलं ते विसरून अस्मितेचे पोवाडे गाणं अप्रामाणिक ठरेल. २००८ मध्ये रेल्वेच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय पोरांना मनसेने मारलं, तीही अस्मितेच्याच नावाने. प्रदेशाचं प्रेम आपोआप शहाणं नसतं. पण कोहिनूरच्या भांडणात एक गोष्ट होती जी आज दिसत नाही: मागणी हाताला लागणारी होती. हे थिएटर, हा चित्रपट, हे आठवडे. पुढे १९८७ ची विलेपार्ल्याची पोटनिवडणूक सेनेने हिंदुत्वावर जिंकली, १९८९ मध्ये भाजपशी युती झाली, आणि मागण्यांचा आकार बदलला. प्रदेशाच्या मागण्या मोजता येतात: किती नोकऱ्या, किती शाळा, किती शो. धर्माच्या मागण्या मोजता येत नाहीत, त्यामुळे त्या कधी पुऱ्याही होत नाहीत आणि नेत्याला कधी उत्तरही द्यावं लागत नाही.

सिनेमातही तेच वळण दिसतं. कोल्हापुरात जन्मलेले, मराठी भावगीताचा कळस मानले जाणारे सुधीर फडके यांनी सावरकरांवर चित्रपट काढायचा ध्यास घेतला. लोकवर्गणी काढली, अनेक वर्षं झिजले आणि २००१ मध्ये तो पूर्ण केला. तो निघाला हिंदीत. फडक्यांचं कारण समजण्यासारखं आहे. सावरकर देशभर पोचावेत अशी त्यांची तळमळ होती. पण मराठी माणसाच्या वर्गणीतून, मराठी संगीतकाराच्या हट्टातून, मराठी क्रांतिकारकावर निघालेल्या सिनेमालाही मराठी पुरली नाही, हे खटकायला हवं होतं. तेव्हा कोणाला खटकलं नाही.

२०२५ च्या फेब्रुवारीत ‘छावा’ आला. मूळ कादंबरी मराठी, शिवाजी सावंतांची. दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर मराठी. आधी ‘टपाल’सारखा हळुवार मराठी चित्रपट केलेला माणूस. नायक मराठ्यांचा छत्रपती. आणि सिनेमा हिंदी. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या पडद्यांवर लोकांनी संभाजी महाराजांना हिंदीत बोलताना पाहिलं, रडले, घोषणा दिल्या. याच राजावर त्याच सुमारास मराठीत निघालेल्या चित्रपटांना त्या गर्दीचा अंशही मिळाला नाही. त्याआधी वाद झाला तो कशावरून? महाराज लेझीम खेळताना दाखवले यावरून. राज ठाकऱ्यांना भेटून दिग्दर्शकाने ते दृश्य काढलं. मग मागणी आली, चित्रपट करमुक्त करा. मुख्यमंत्र्यांनी सांगितलं की महाराष्ट्रात करमणूक कर २०१७ पासूनच नाही. लेझीम आणि नसलेला कर, या दोन मुद्द्यांवर अस्मितेची सगळी शक्ती खर्च झाली. संभाजी मराठीत का बोलत नाही, मराठीत तसा खर्चिक चित्रपट उभा राहायला काय कमी पडतं, हा प्रश्न पडलेला उजवा भाष्यकार माझ्या तरी पाहण्यात आला नाही.

पुढचं अधिक गंभीर. १७ मार्चला औरंगजेबाच्या कबरीच्या वादातून नागपुरात दंगल झाली. विधानसभेत निवेदन करताना देवेंद्र फडणवीसांनीच म्हटलं की ‘छावा’मुळे औरंगजेबाविषयीच्या लोकांच्या भावना पेटल्या आहेत. सरकारचा प्रमुख सभागृहात सांगतो की सिनेमाने लोक पेटले, आणि तोच सिनेमा काही आठवड्यांपूर्वी कौतुकाचा विषय असतो. एखाद्या जबाबदार परंपरावाद्याने इथे थांबून विचारायला हवं होतं की इतिहासाचा उपयोग आपण कशासाठी करतोय. सुव्यवस्था ही तर उजव्या विचाराची पहिली चीज.

मग ऑगस्ट २०२५. ‘खालिद का शिवाजी’ नावाचा एक लहानसा मराठी चित्रपट. एका मुस्लिम मुलाला शिवाजी महाराज कसे दिसतात, कसे सापडतात, याची गोष्ट. महाराजांच्या सैन्यातल्या मुसलमानांचं प्रमाण आणि रायगडावरची मशीद याविषयीच्या विधानांवर हिंदुत्ववादी संघटनांनी आक्षेप घेतला. आक्षेप घ्यायला हरकत नाही. तो दावा इतिहासाला धरून नाही असं वाटत असेल तर कागदपत्रं काढा, लेख लिहा, जाहीर सभेत दिग्दर्शकाला निरुत्तर करा. झालं वेगळंच. राज्याच्या सांस्कृतिक खात्याने केंद्राकडे धाव घेतली आणि सेन्सॉरचं प्रमाणपत्र मिळालेल्या चित्रपटाचं प्रदर्शन केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने महिनाभरासाठी थांबवलं.

या घटनेत मुस्लिम मुलगा क्षणभर बाजूला ठेवा. फक्त अधिकाराचा प्रवास पाहा. महाराष्ट्रातल्या दिग्दर्शकाने महाराष्ट्राच्या राजावर मराठी माणसांसाठी काढलेला चित्रपट दाखवायचा की नाही हे दिल्लीतल्या मंत्रालयाने ठरवलं, आणि तसं ठरवा अशी विनंती मुंबईतूनच गेली. उद्या दिल्लीत दुसरं सरकार असेल. त्याला ‘मराठा’ हा शब्द टोचेल, कोणाला सावरकरांचं चित्र टोचेल, आणि त्या दिवशी वापरायला हीच वाट तयार असेल. २०२१ मध्ये केंद्राने चित्रपट प्रमाणपत्राचं अपील न्यायाधिकरण मोडीत काढलं. आता निर्मात्याला थेट उच्च न्यायालयात जावं लागतं. मोठ्या स्टुडिओला वकील परवडतो. घर गहाण टाकून सिनेमा काढणाऱ्या मराठी निर्मात्याला नाही परवडत. लहान माणूस आणि दूरची सत्ता यांच्या झगड्यात लहान माणसाच्या बाजूने उभं राहणं हे जगभरच्या परंपरावाद्यांचं जुनं ब्रीद आहे. आमच्याकडे ते ब्रीद चित्रपटाचं नाव वाचूनच गळून पडलं.

एकदाच, गेल्या काही वर्षांत एकदाच, उजवीकडून उजव्यांना खरा विरोध झालेला दिसला. १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयाने पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून आली. सरकारच्याच भाषा सल्लागार समितीने नको म्हटलं. १७ जूनला शब्द बदलून तोच निर्णय पुन्हा आला: ‘सर्वसाधारणपणे’ हिंदी, आणि दुसरी भाषा हवी असेल तर किमान २० विद्यार्थी दाखवा. त्याआधी मार्चमध्येच संघाच्या भैयाजी जोशींनी मुंबईची एकच एक भाषा नाही, घाटकोपरची गुजराती आहे, असं सांगून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांना खुलासा करावा लागला. या वेळी मात्र एरवी सरकारची बाजू मांडणारे काही आवाज अडखळले. घरोघरच्या भाजप मतदाराने पक्षाच्या गटांवर रागाने लिहिलं. २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द झाले, डॉ. नरेंद्र जाधवांची समिती नेमली गेली, आणि ५ जुलैला वरळीत दोन ठाकरे बंधू एका मंचावर आले.

श्रेय कोणी घ्यावं यावर चर्चा झाली. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की त्या दहा आठवड्यांत कोणी मराठी माणसाला देशद्रोही म्हणू शकलं नाही. विरोध करणाऱ्यांत गणपतीचे मांडव घालणारे होते, वारीला जाणारे होते, शाखेत गेलेले होते. प्रश्न पहिलीतल्या पोराच्या दप्तराचा होता, म्हणून राष्ट्र विरुद्ध प्रांत हे नेहमीचं घोंगडं कोणी पांघरू शकलं नाही. विषय मोजता येणारा असला की माणसं पक्षाबाहेर येऊन बोलतात.

मग थिएटरचा विषय तसा का होत नाही? २०१५ मध्ये विनोद तावडे सांस्कृतिक कार्यमंत्री असताना मल्टिप्लेक्समध्ये मराठीला मोक्याच्या वेळा सक्तीने देण्याची घोषणा झाली. ‘प्राइम टाइम’ची व्याख्या दुपारी बारापासून रात्री नऊपर्यंत ताणली गेली आणि मराठीला मिळायचा तो दुपारचा शो मिळत राहिला. आमच्यातला बाजारवादी म्हणेल, प्रेक्षक नाही तर शो कसा देणार? शरद जोशींच्या वाचकाने असं म्हणणं साहजिक आहे. पण जोशींनीच शिकवलं की बाजार समितीच्या कोंडाळ्याला बाजार म्हणत नाहीत. मोठ्या हिंदी चित्रपटाचा वितरक पडद्यांची संख्या आणि शोच्या वेळा आधीच बांधून घेतो, आणि लहान चित्रपटाला शुक्रवार ते रविवार एवढ्यातच स्वतःला सिद्ध करायला सांगितलं जातं, तिथे खुली स्पर्धा कुठे आहे? शेतकऱ्याला दर ठरवता येत नाही तसं निर्मात्याला वेळ ठरवता येत नाही. सरकार ‘अ’ आणि ‘ब’ दर्जा देऊन अनुदान देतं. त्यातून चित्रपट तयार होतात. ते दाखवायला जागा तयार होत नाही. कित्येक निर्मात्यांचा सगळा हिशेब अनुदानाच्या अर्जापाशी संपतो, प्रेक्षकापर्यंत जातच नाही. यालाही उजव्यांनी नावं ठेवायला हवीत. पुसेगावच्या यात्रेत तंबूतला सिनेमा चालायचा तेव्हा त्याला अनुदान नव्हतं, रांगा होत्या.

मला विचाराल तर तालुक्याच्या ठिकाणी शंभर-दीडशे खुर्च्यांची, कमी तिकिटाची, स्थानिक माणसाच्या मालकीची चित्रगृहं उभी करणं हे सांस्कृतिक खात्याचं पहिलं काम असावं. नगरपालिकांची नाट्यगृहं आठवड्यातले कितीतरी दिवस रिकामी असतात. तिथे पडदा लावायला काय हरकत आहे? यासाठी कोणाची काच फोडावी लागत नाही, कोणाला पाकिस्तानात पाठवावं लागत नाही. त्यामुळेच बहुधा कोणी बोलत नाही.

आणखी एक गोष्ट. प्रदेश म्हणताना आपण बहुतेक वेळा रायगड ते पुणे एवढाच धरतो. अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी, कोल्हापुरी, माणदेशी हे महाराष्ट्राचे भाग आहेत की विनोदी पात्रांना लावायचे हेल? नागराज मंजुळ्यांच्या ‘सैराट’ने २०१६ मध्ये करमाळ्याची बोली कोणतीही माफी न मागता पडद्यावर आणली, आणि शंभर कोटींचा गल्ला जमवणारा पहिला मराठी चित्रपट तोच ठरला. त्याच्या हिंदी अवतारात गोष्ट राजस्थानात गेली आणि जातीची धार बोथट झाली. गाव काढलं की गोष्टीतून काय काय निघून जातं याचा याहून चांगला पुरावा नको. माझ्या गोटातल्या लोकांनी ‘सैराट’कडे जातीच्या चष्म्यातून पाहून तोंड फिरवलं. चूक केली. एखाद्या मुलखाची भाषा, विहिरी, केळीच्या बागा, तालुक्याचं कॉलेज, पाटलाच्या वाड्यातली दहशत हे सगळं इतकं नेमकं जपून ठेवणारा चित्रपट परंपरावाद्याला आपला वाटत नसेल, तर तो परंपरा म्हणून नेमकं काय जपतोय?

हा प्रश्न कोकणात सगळ्यात टोकदार होतो. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या ‘दशावतार’ला लोकांनी उचलून धरलं. दिलीप प्रभावळकरांनी साकारलेला म्हातारा दशावतारी कलावंत, देवळांतले रात्रीचे प्रयोग, गावाची राखण करणारा देव म्हणजे राखणदार, आणि त्या जमिनीवर डोळा ठेवून आलेली खाण. देव, कला आणि जमीन एकाच दाव्याला बांधलेली. याहून उजवी गोष्ट काय असते? पण हीच गोष्ट पडद्याबाहेर घडत होती तेव्हा काय झालं ते पाहा. राजापूर तालुक्यातल्या बारसूच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, कातळशिल्पं आहेत; युनेस्कोच्या संभाव्य यादीत २०२२ साली कोकणातल्या ज्या जागा गेल्या त्यात बारसू आहे. तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी तीच जागा सुचवणारं पत्र मुख्यमंत्री असताना उद्धव ठाकऱ्यांनी पंतप्रधानांना लिहिलं, आणि एप्रिल २०२३ मध्ये पोलीस बंदोबस्तात मातीचं सर्वेक्षण करून घेतलं ते शिंद्यांच्या सरकारने. पत्र लिहिणारे तोवर विरोधी पक्षात गेले होते, त्यामुळे ते आंदोलकांच्या बाजूने बोलू लागले. उन्हात जमिनीवर आडव्या पडलेल्या बायका सेनेच्या कोणत्या तुकडीच्या मतदार आहेत हे कोणी विचारलं नाही. बहुतेक घरांत दोन्ही असतील.

प्रकल्प हवा की नको यावर दोन मतं असू शकतात. तेल लागतं, रोजगार लागतो, कोकणातली पोरं मुंबईला जायची थांबावीत असं मलाही वाटतं. पण फोनवर रोज सकाळी धर्मरक्षणाचा पाठ देणाऱ्यांपैकी किती जणांनी बारसूच्या ग्रामदेवतेचं, तिथल्या सड्याचं, हजारो वर्षांपूर्वी कातळात कोरलेल्या त्या आकृत्यांचं नाव घेतलं? आंदोलकांना बाहेरून पैसा येतो का, याची चर्चा मात्र भरपूर झाली. ती करणाऱ्यांना आता मी एवढंच सुचवेन की ‘दशावतार’च्या कौतुकाचा पुढचा भाग बारसूच्या सड्यावर उभं राहून चित्रित करावा, आणि तिथल्या माणसांसमोर.